जप्त केलेला पापड

शिरसाठकाका दुसऱ्याच्या ताटातला पापड उचलतात. खाण्यासाठी नाही, जप्त करण्यासाठी. लग्न असो, बारसं असो, नाहीतर कोपऱ्यावरचं मिसळीचं हॉटेल, पापड, लोणचं, शेव दिसली की ते म्हणणार, "रिजेक्ट." ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी आयुष्यभर सुटे भाग तपासले. रिटायर झाले आणि आमची ताटं तपासू लागले.

एकदा तर नवरदेवाच्याच ताटातलं लोणचं उचललं.

"काका, मला बीपी नाही."

"मोजलंय?"

"नाही."

"मग नाही कशावरून? आणि आजपासून तर येणारच."

मी पत्रकं वाचत वाढलो, आता लिहितो. पाणीटंचाई, भाडेवाढ, कंत्राटी कामगार. काकांनी मला रक्तदाबावर लिहायला बसवलं. मी सुरुवात केली, 'आपल्या धमन्यांत एक मूक हुकूमशहा...'

"हुकूमशहा काढ, कॉम्रेड. सरळ लिही. बीपी दुखत नाही, म्हणून लोक गोळी सोडतात. ते आतल्या आत डोळे, किडनी, हृदय, मेंदू, एकेक पार्ट खराब करतं. आणि याचे स्पेअर मिळत नाहीत."

हे कुठून आलं, ते कॉलनीला ठाऊक आहे. सुमनकाकूंनी 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या. गेल्या वर्षी पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून स्वयंपाक काकांकडे. त्यांच्याकडे जेवायला जाणारा खिशात मीठ घेऊन जातो, असं आम्ही म्हणतो.

रविवारी छापलेली पत्रकं द्यायला गेलो, तर काका म्हणाले, "बस, जेवूनच जा. आज हिने आमटी केलीय."

आजारपणानंतर पहिल्यांदा, एकट्या डाव्या हाताने. काकू दाराला टेकून आमच्या तोंडाकडे बघत होत्या.

मी एक घोट घेतला. नुसतं मीठ. डबा हातातून कलला असणार. आता 'रिजेक्ट' येणार म्हणून मी मान खाली घातली.

काकांनी वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. "पास," ते म्हणाले. "किंचित अळणी झालीय, बस."

"मग मीही घेते थोडी," काकू म्हणाल्या.

"तुझं पथ्याचं पिठलं झाकून ठेवलंय. ही आमटी आमची."

काकू हसल्या आणि पाय ओढत आत वळल्या. त्यांची पाठ फिरताच काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझी वाटी स्वतःकडे ओढली. या वेळी खाण्यासाठी.