शैलाकाकूंचं टस्कनी दर्शन

शैलाकाकूंसमोर कुठलंही काम काढून बसू नये. ते तुमच्या हातात राहत नाही. रॉटरडॅमला त्या पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आल्या, तेव्हा मी मेथी निवडत होते. "आण इकडे," म्हणाल्या. चहा उकळेपर्यंत मेथी निवडून झाली होती आणि सोफ्यावरच्या कपड्यांच्या घड्या सुरू होत्या. आमच्या ह्यांच्या मोज्यांच्या जोड्या लागल्या, जे मला लग्नापासून जमलेलं नाही.

डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये त्यांनी लहान मुलांचे ठोकळे रंगांप्रमाणे लावले. नाव पुकारलं तर म्हणाल्या, "पिवळे राहिलेत."

काकू पुण्याहून मुलाकडे, मंदारकडे, तीन महिन्यांसाठी येतात. मुलगा-सून दोघं आयटीत. भाजी चिरून पाकिटात येते, भांडी मशीन घासतं, केर काढायला एक गोल यंत्र घरभर फिरतं. काकू त्याच्यामागून झाडू घेऊन फिरतात, कारण ते कोपऱ्यांत अंगचोरपणा करतं. मग मंदार त्यांच्या हातातून झाडू काढून घेतो आणि म्हणतो, आई, आयुष्यभर राबलीस, आता आराम कर. यंदा काकूंनी महिन्याभरातच परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. आई कंटाळली, असा अर्थ काढून मंदारनं आमच्या ग्रुपच्या इटलीच्या सहलीत आईचं आणि स्वतःचं अशी दोन नावं घातली.

सहलीचं वेळापत्रक माझं होतं, म्हणजे ते चालणारच होतं. टस्कनीतल्या डोंगरावरच्या त्या गावात लाल छत्रीवाली गाइड जुन्या वेशीची माहिती सांगत होती. पुढे मनोरा, मग जेवण. मी माणसं मोजली, तर काकू नाहीत.

मागच्याच गल्लीत सापडल्या. एक म्हातारी दारात शेंगांचे क्रेट घेऊन बसली होती, वालासारख्या पण चांगल्या जाड शेंगा. समोरच्या स्टुलावर काकू. म्हातारी इटालियनमध्ये सांगत होती, काकू मराठीत हरकत घेत होत्या. दोघींचे हात थांबत नव्हते.

"आई, ऊठ. लोक थांबलेत," मंदार म्हणाला.

काकूंनी मानही वर केली नाही. "उभे कशाला थांबलेत? बसा म्हणावं."

मी घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं मंजूर केली आणि पायरीवर बसले. मग एकेक करून सगळेच बसले. काकूंनी दाण्याचं वरचं साल चिमटीत धरून डाळिंबी कशी उडवायची ते म्हातारीला दाखवलं. तिनं उडवली ती थेट गाइडच्या अंगावर. गाइडनं छत्री मिटली आणि तीही बसली. क्रेट संपले, टाळ्या वाजल्या. म्हातारीच्या मुलानं शेतातून येऊन हा मेळा पाहिला, डोक्याला हात लावला आणि ब्रेड, चीज, ऑलिव्हचं तेल बाहेर आणलं. मनोरा बंद झाला. माझ्या यादीत तेवढी एकच ओळ खोडायची राहिली आणि एकानंही चौकशी केली नाही. निघताना म्हातारीनं काकूंचे दोन्ही गाल चुंबले. काकू ओढणी सावरत बसमध्ये चढल्या त्या निवडणूक जिंकल्यासारख्या.

मी चिडवलं, "काकू, मनोरा राहिला की तुमचा."

शेंगांनी काळी पडलेली बोटं त्या पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "तिनं मला एकदाही 'तुम्ही बसा' म्हटलं नाही गं. नुसता क्रेट पुढे सरकवला."

पुढच्या सीटवर मंदार होता. त्यानं वळून आईच्या बोटांकडे पाहिलं.

परतल्यावर शनिवारच्या बाजारात तो दिसला. भाजीवाला त्याला सोललेल्या दाण्यांची पिशवी देत होता आणि मंदार डचमध्ये हुज्जत घालत होता, की सोललेले नकोत, शेंगाच हव्यात, आणि भरपूर हव्यात. सायकलच्या दोन्ही पिशव्या फुगल्या.

मी काकूंच्या परतीच्या तिकिटाचं विचारलं.

"रद्द," तो म्हणाला. "आई म्हणते, अजून मटार यायचाय."