कुसळी आणि डॉक्टर अरण्यके

एका जंगलात, मुलांनो, रेंज फक्त सावरीच्या उंच झाडाखाली यायची, आणि तरीही सगळ्यांच्या कानात काही ना काही चालू असायचं. जंगलात मोबाईल कुठून आले, असं विचारू नका. गोष्टीत प्राणी बोलतात ते चालवून घेता ना, मग हेही घ्या.

त्या जंगलात कुसळी नावाची एक साळिंदर राहायची. तिच्याकडे अद्भुत शक्ती होती. दुसऱ्याच्या मनातलं तिला ऐकू यायचं. तुम्हाला वाटेल, काय मजा. मजा कसली? हरिण तोंडाने म्हणायचं, "कुसळीताई, आज फार छान दिसताय." आणि मनात म्हणायचं, "चालता झाडू." दिवसभर हे असं. कुसळीची झोप उडाली. तिला दुसरं काही नको होतं. डोक्यातला कालवा घटकाभर थांबावा आणि एक डुलकी काढता यावी, एवढंच.

कालवा थोडा कमी व्हायचा तो 'डॉक्टर अरण्यके' ऐकताना. ही पॉडकास्टवरची कथामालिका होती. आपल्याच शक्तीने हैराण झालेले प्राणी त्यात डॉक्टरांकडे यायचे. उडता येणारं कासव यायचं, त्याला उंचीची भीती. अदृश्य होणारा मोर यायचा, आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून रडायचा. डॉक्टर जड आवाजात म्हणायचे, "हं. मग?" की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी.

कुसळीला वाटलं, हाच माझा डॉक्टर. शोधत शोधत ती टेकडीमागच्या गुहेत पोचली. आत माईकसमोर एक अवाढव्य गवा बसला होता. त्याच्यापुढे पळसाच्या पानावर संवाद लिहिलेले होते.

"डॉक्टर, मला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं," कुसळी म्हणाली.

गव्याने पान उलटून पाहिलं. "हे इथं लिहिलेलं नाही, पोरी."

"लिहिलेलं कसं असेल? मी खरी आहे."

"मी खरा नाही ना पण. मला डोंगरअप्पा म्हणतात. आवाज जड आहे म्हणून धरून आणलंय. 'हं' कुठं म्हणायचं, ते मुंगूस लिहून देतो."

कुसळीने त्यांच्या मनाला कान लावला आणि चकित झाली. आत काहीच नव्हतं. 'हिला आता काय सांगू' नव्हतं. 'माझंही अगदी असंच झालेलं' नव्हतं. 'ही जाणार कधी' तर नव्हतंच.

"अप्पा, न लिहिलेलं 'हं' म्हणाल?"

"हं," अप्पा म्हणाले. जमलं त्यांना.

कुसळी दुपारभर बोलली. दुसऱ्या दिवशीही बोलली. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता तिथेच झोपली. घोरलीसुद्धा.

जागा होता तो नकुलेश. हा मुंगूस मालिकेचा लेखक होता, म्हणजे दुसऱ्याचं दुःख कानावर पडलं की त्याचे हात शिवशिवायचे. कुसळी उठते ना उठते तोच तो म्हणाला, "ताई, पुढचा अख्खा सीझन तुमच्यावर. काळजी नको, नाव बदललंय. तुम्ही कुसळी, ती काटेरी. आणि वाचा तुम्हीच. खरेपणा येईल."

कुसळीने चार ओळी वाचल्या. नकुलेशने मान हलवली. "नाही पटत. खरी दुःखी साळिंदर असं बोलत नाही."

मग त्याने रंजना बुलबुलला बोलावलं. ती प्रत्येक वाक्याआधी श्वास अडकवायची. एकदम खरं वाटायचं.

सीझन तुफान चालला. गुहेत सकाळ-संध्याकाळ रेकॉर्डिंग सुरू झालं. कुसळी आली, की नकुलेश दारातच आडवा.

"डॉक्टरांना वेळ नाही, ताई. आत ते तुमचंच ऐकतायत."

"मग मी कुणाशी बोलू?"

"बोलताय कशाला? ऐका ना. सावरीखाली रेंज मस्त येते."

डोक्यातला कालवा परत आला. आठ दिवस कुसळीचा डोळ्याला डोळा लागला नाही. नवव्या दिवशी सीझनचा शेवटचा भाग थेट होणार होता. ती पाय ओढत सावरीखाली गेली. सगळं जंगल कानात इअरफोनची बोंडं घालून बसलं होतं. आणि काय सांगू, सगळ्यांच्या मनात तीच होती. "बिचारी काटेरी. मी असतो तर तिच्याजवळ बसलो असतो." इतकी माया तिने जन्मात ऐकली नव्हती.

तिने सशाला हलवलं. "भाऊ, काटेरी म्हणजे मीच. जरा बोलू का?"

"शू. ती आता रडणार आहे."

ती हरणाशेजारी टेकली. हरिण म्हणालं, "ताई, काटे आवरा." आणि मनात म्हणालं, "अरे, कुणीतरी त्या बिचारीची चौकशी करा रे."

कुसळी उठली आणि सरळ गुहेत शिरली. अप्पा पानावरून वाचत होते, "काटेरी, मी तुझ्यासाठी..." तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या रिकाम्या मनात पहिल्यांदाच काहीतरी उमटलं आणि कुसळीला स्पष्ट ऐकू आलं. 'हिचे डोळे किती लाल झालेत.'

अप्पा उठले.

"कुठं निघालात? थेट चालू आहे," नकुलेश कुजबुजला.

"हिचं ऐकायचंय."

"हिचंच तर ऐकताय."

"नाही रे. ऐकतोय ती बुलबुल आहे," अप्पा म्हणाले, आणि कुसळीला घेऊन ओढ्याकडे निघून गेले.

रंजनाचं पुढचं वाक्य डॉक्टरांच्या 'हं'नंतर होतं. 'हं' आलंच नाही, म्हणून तीही गप्प. पुढची पंचेचाळीस मिनिटं पॉडकास्टवर नुसती शांतता होती. सावरीखाली हुंदके फुटले. असा भाग आजवर झाला नाही, असं ठरलं. जंगलाने नकुलेशला उत्कृष्ट लेखनाचं पारितोषिक दिलं. त्याने ते नम्रपणे घेतलं.

इकडे ओढ्याकाठी अप्पा रवंथ करत बसले होते. त्यांना टेकून कुसळी गाढ झोपली होती. तो भाग पाचव्यांदा ऐकत ऐकत ससा तिथून चालला होता. तो थबकला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, जरा हळू घोर," तो म्हणाला. "शांतता नीट ऐकू येत नाहीये."

तात्पर्य : दुसऱ्याचं दुःख हेडफोन लावूनच ऐकावं. नाहीतर तो दुःखी प्राणी शेजारी येऊन बसतो आणि आपली सहानुभूती विचलित होते.