खुर्ची दुरुस्त न करण्यामागची नैतिक भूमिका

आमच्या कार्यालयातील आवक-जावक कारकुनाने आपल्या खुर्चीचा मोडका पाय दुरुस्त करून मिळावा, असा अर्ज केला. अर्ज रीतसर होता. कारकून देहाने भरभक्कम, स्वभावाने गरीब. आदल्याच दिवशी तो खुर्चीसकट असा काही आडवा झाला होता, की सगळे कार्यालय पोट धरधरून हसले होते.

आधीच्या साहेबांनी दोन खिळे ठोकून विषय संपवला असता. नवे साहेब मात्र नीतिशास्त्र वाचून आलेले. त्यांनी विचारले, "दुखलं किती जणांना?"

"मला एकट्याला, साहेब."

"आणि हसले किती?"

"सगळेच."

"मग अर्ज कशाचा करताय?"

ज्या कृत्याने जगातले एकूण सुख वाढते ते चांगले, मग ते कोणाच्या का कमरेवर वाढेना, असे साहेबांनी आम्हांला समजावले. खुर्चीला 'कल्याणकारी साधन' असा दर्जा मिळाला. जेवणानंतर सगळे पेंगतात, म्हणून कारकुनाने रोज पडण्याची वेळ तेव्हाची ठरली.

कारकुनाने जमेल तसा विरोध केला. तो हळूच, आवाज न करता पडू लागला. लगेच कारणे दाखवा नोटीस निघाली : 'आपण हेतुपुरस्सर नीरस पडत असल्याचे निदर्शनास आले आहे.' डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, तर तो ओंडक्यासारखा ताठ पडायला लागला आणि लोक जास्तच हसले. त्याने घरून स्टूल आणले. सार्वजनिक सुखाची चोरी म्हणून साहेबांनी ते जप्त केले.

शेवटी त्याची बायको साहेबांकडे आली.

"भाऊसाहेब, यांना रात्री कूस बदलता येत नाही. परवा धाकटीनं उचलून घ्या म्हणून हात वर केले, तर हे भिंतीकडे तोंड करून बसले."

"वहिनी, तुम्ही नात्यातून बघताय. नीतीला नवरा-बायको कळत नाही."

"मग तुम्हीच बसा की त्या खुर्चीत."

"बसलो असतो हो. पण मी पडलो तर हसणार कोण? सगळ्यांची बढती माझ्या हातात आहे."

यावर कोणीच हसले नाही. साहेबांचा मुद्दा सिद्धच झाला.

वहिनी मात्र चिवट. "आणि हे पडले तरी कोणाला हसूच आलं नाही, तर?"

"तर खुर्ची त्याच दिवशी दुरुस्त," साहेब म्हणाले. माणूस तत्त्वाचा, हे मानलेच पाहिजे. "पण इथल्या लोकांना आता सवय लागलीय. आपण त्रयस्थांना विचारू. चांगले शिकलेले, दयाळू लोक."

म्हणून ही हकीकत, एकही विनोद न करता, आपल्यापुढे ठेवली आहे. वहिनी बाहेर बाकावर बसून आहेत. वाचताना आपल्याला एकदाही हसू आले नसेल, तर तसे एका ओळीत कळवा, मी लगेच खिळे आणायला जातो. खोटे मात्र लिहू नका. नीतीच्या बाबतीत आमच्याकडे फार कडक आहे.