भिंतीजवळचं झाड

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेरचं एक वाळलेलं झाड करवतीने कापलं. खोड पोटरीएवढं होतं आणि अख्ख्या झाडावर औषधालाही पान नव्हतं. झाड ठरवलेल्या बाजूला पडलं, कोणालाही इजा झाली नाही, आणि थोड्या वेळाने मी चहा पीत बसलो होतो. बागकामाला लोक उगाच घाबरतात, असं मी बायकोला म्हणालो.

घर बायकोच्या मावशीचं. काका गेल्यावर मावशी मुलीकडे राहायला गेल्या आणि घराला कुलूप लागलं. मग "बंद घराला वाळवी लागते, तुम्हीच जाऊन राहा" म्हणत त्यांनी किल्ली आमच्या हातावर ठेवली. घर ठीकठाक होतं. बाग मात्र बाग उरली नव्हती. मागचं दार उघडलं की वेली वसुलीला आल्यासारख्या अंगावर यायच्या. पलीकडे कुठेतरी कुंपणाची भिंत आहे, असं नुसतं ऐकून होतो. पहिल्याच दिवशी बायकोने वाळत घातलेला टॉवेल वाऱ्याने आत उडाला आणि बेपत्ता झाला.

माणसं लावा, मशीन आणा, एका दिवसात सगळं साफ करा, असा सल्ला प्रत्येकाने दिला. मी नाही म्हणालो. मी एका दैनिकात रोज दुसऱ्यांच्या लांबलचक बातम्या कापून जागेत बसवतो. एवढा मजकूर एका झटक्यात कापायचा नसतो, हे मला कळतं. बागेचे चौकोन पाडायचे, दोरी बांधायची आणि एका रविवारी एक चौकोन साफ करायचा, अशी माझी योजना होती.

"आणि चुकून काही चांगलं कापलं गेलं तर?" बायकोने विचारलं.

"म्हणूनच तर हळूहळू. चुका घाईत होतात."

मावशींची अट एकच होती. किल्ली दिल्यावर त्यांनी फोन करून सांगितलं, "सगळं काढा हो, मला कशाचं काही नाही. फक्त ह्यांची तुती तेवढी राखा. भिंतीजवळची. जन्मात एकच झाड लावलं ह्यांनी. तुत्या धरल्या की मी येते बघायला."

बायकोला लहानपणापासून वाढवलं ते मावशींनी. बदल्यात त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. हे घर त्यांनी तिच्या लग्नानंतर घेतलेलं, त्यामुळे बाग तिलाही परकीच. आम्ही दोघंही फ्लॅटात वाढलेलो. तुती पाहिलेली, पण टोपलीत.

"तुतीचं झाड दिसतं कसं?" मी विचारलं.

"तुत्या असतील त्यावर. नसतील तर मला तरी काय माहीत?"

मी गच्चीवर जाऊन पाहणी केली. बागेच्या टोकाला, झुडपांच्या पलीकडे, कुंपणाच्या भिंतीचा वरचा काठ दिसत होता. त्याला लागून एक झाड उभं होतं. पंज्यासारखी रुंद दातेरी पानं, लालसर देठ, आणि एकूण तब्येत सुखवस्तू. भिंत होती, भिंतीजवळ झाड होतं. पडताळणी म्हणून मी ब्रेककाकांना विचारलं.

ब्रेककाका म्हणजे शेजारी. जन्मभर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकाऊ माणसाच्या डावीकडे बसून दुसरा ब्रेक दाबण्यात हयात गेली, त्यामुळे समोर कोणी काहीही करत असलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. मी झाड कापत होतो तेव्हाही दाबला गेला होता. पण तो पाय मी कपबशी उचलली तरी दाबला जातो, म्हणून त्याकडे लक्ष दिलं नाही.

"काका, ते टोकाचं झाड तुतीचं ना?"

"तुतीचंच. पान बघा की केवढं आहे."

"आणि हे दाराजवळचं वाळलेलं?"

"ते गेलंय. काढलंत ते बरं केलंत, संपादक. वळताना आडवं आलं असतं."

मी संपादक नाही, उपसंपादक आहे. पण ही दुरुस्ती मी कधी छापलेली नाही.

कापलेलं झाड मी वाया घालवलं नाही. त्याच्या फांद्या सरळसोट, अंगठ्याएवढ्या जाड होत्या. हातभर लांबीचे तुकडे केले, टोकं काढली आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर एक ठोकला. बाजारातून खुंट्या आणायची वेळ आली नाही. उरलेल्या बुंध्यावर एक फरशी टाकली. रविवारचं काम झालं की मी त्या फरशीवर बसून चहा प्यायचो आणि समोरच्या प्रगतीकडे पाहायचो.

प्रगती खरोखरच होत होती. एका चौकोनात नळ सापडला, तो चालू होता. एकात सायकलचं चाक सापडलं. टॉवेलही सापडला. त्याच्या आरपार एक वेल गेली होती, आणि ती इतकी रुळली होती की तिला हुसकावणं बरं दिसेना. हातावर ओरखडे होते, कंबर माझी राहिली नव्हती, पण ऑफिसात मी नवशिक्यांना बागकामाचे सल्ले देऊ लागलो होतो. "आधी नीट बघायचं, मग कापायचं," असं मी एका क्रीडा वार्ताहराला ऐकवलं. त्याच्याकडे खिडकीतल्या कुंडीपलीकडे काही नव्हतं, तरी त्याने मान डोलावली.

मावशींच्या तुतीवर आमचा विशेष लोभ होता. तिच्यापर्यंतचे चौकोन आधी साफ केले. मुळाशी विटांचं आळं केलं. खत घातलं. ऊन वाढल्यावर वर जुनी चादर बांधली. शेवटी समोर एक बाक आणून ठेवला, मावशींना बसून पाहता यावं म्हणून. बायकोने फोटो पाठवला. मावशींचा फोन आला.

"माझ्या ह्या मोबाइलवर नुसता हिरवा गोळा दिसतोय. पान फार मोठं झालंय का गं? ह्यांच्या वेळी एवढं नव्हतं."

"खत घातलंय, मावशी," मी मागून म्हणालो. आवाजात अभिमान होता, तो लपवला नाही.

याच सुमारास खुंट्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. त्यांना हिरवे ठिपके आले आणि पाहता पाहता ठिपक्यांची पानं झाली. मी ब्रेककाकांना दाखवलं.

"ओल धरली की लाकडाला असं होतं. गंज समजा. खरवडून टाका."

मी खरवडून टाकलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चौकोनातलं तण काढून झालं की खुंट्यांवरचं तण काढायचं, असा क्रमच पडला. सुरीने सगळ्या गुळगुळीत करायचो. टोकाच्या खुंट्यांपर्यंत पोचेस्तोवर कंबर संप पुकारायची, तेव्हा तिकडच्या तशाच राहिल्या.

मग मावशींचा फोन आला, की बुधवारी दुपारी येते, आता तुत्या धरल्या असतील.

आम्ही तुतीपाशी जाऊन पाहिलं. फळं धरली होती खरी. गोल होती, हिरवी होती आणि अंगभर काटे होते. बायकोने एक चिमटीत धरून सोडून दिलं.

"तुतीला काटे असतात?"

"कच्ची आहे," ब्रेककाका भिंतीवरून म्हणाले. "पिकली की मऊ होईल. नवीन टायरलासुद्धा आधी केस असतात."

बायको घरात गेली आणि स्वयंपाकघरातून तिने मावशींना फोन लावला. मी फरशीवर बसून चहा पीत होतो. खिडकी माझ्या डोक्यावर होती आणि उघडी होती, त्यामुळे तिचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मावशी, तुती आपल्या कुठल्या भिंतीला गं? ... नाही, सहज... स्वयंपाकघराच्या?"

पुढे बराच वेळ ती नुसती हं हं करत होती. मग माझ्या डोक्यावरून तिचा हात हळूच बाहेर आला. तो हवेत काहीतरी चाचपडला. तिथे काही नव्हतं. हात पुन्हा आत गेला.

फोन ठेवून ती दारात आली.

"मावशी म्हणते, खिडकीतून हात बाहेर काढला की तुती हाताला लागायची. पोळ्या करता करता खायची म्हणे ती. आणि म्हणते, थंडीत सगळी पानं गळतात, मेल्यासारखं दिसतं, घाबरू नका."

मी कशावर बसलो आहे ते माझ्या लक्षात आलं आणि मी उठलो.

"फांद्या कुठे टाकल्यास?" बायकोने विचारलं.

"टाकल्या नाहीत. त्या..."

आम्ही दोघांनी बागेकडे पाहिलं. मी इतके रविवार चौकोन पाहत आलो होतो, कोपरे पाहिलेच नव्हते. अलीकडच्या खुंट्या हजामत केल्यासारख्या बोडक्या होत्या. पण टोकाला, जिथे माझी कंबर पोचली नव्हती, तिथे प्रत्येक खुंटीवर हिरवा तुरा होता. आम्ही धावलो. एका खुंटीवर पानाच्या बगलेत बोटाच्या पेराएवढं लांबट, लालसर काहीतरी लटकत होतं. टोपलीत पाहिलेलं होतं तसंच, फक्त एकटं.

"हिला हात लावशील तर बघ," बायको म्हणाली. मी लावणार नव्हतो. त्या घरात माझा हात आता सुरक्षित नव्हता.

मावशींना काय सांगायचं हा प्रश्न राहिला. बायको म्हणाली, बातमीचं खातं तुझं. मी एक मसुदा करून वाचून दाखवला: "नूतनीकरणाच्या कामात स्वयंपाकघरालगतचं झाड काढण्यात आलं."

"कोणी काढलं?"

"त्याचा तपशील नंतर देता येईल."

"आज दे," ती म्हणाली.

पण बुधवारी मावशी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. मसुदा माझ्या खिशातच राहिला. मावशींनी बाहेर फरशीकडे पाहिलं, खुंट्यांच्या रांगांकडे पाहिलं.

"जावईबापू, कापलंत?"

"हो, मावशी. वाळलंय असं वाटलं. मीच कापलं."

"आणि त्या टोकाच्या एरंडापुढे बाक कोणी टाकला?"

तो एरंड आहे हे आम्हाला असं कळलं. मी खाली मान घालून त्यांना बागेत नेलं. ती खुंटी दाखवली. तुती आता काळी झाली होती. मावशी वाकल्या, त्यांनी तोडली आणि तोंडात टाकली. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं.

"आंबट आहे," मावशी म्हणाल्या. "पहिली आंबटच असते. ह्यांचीही होती."

"काकांनी लावलेलं झाड गेलं, मावशी," बायको म्हणाली. "तू एवढंच मागितलं होतंस."

"लावलेलं कसलं गं. कपड्यांच्या दोरीसाठी कुठून तरी काठी आणून रोवली होती ह्यांनी. ती फुटली. मग शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले, मी झाड लावलं." त्या पुढच्या खुंटीपाशी गेल्या. मी खरवडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "ह्या कोणी सोलल्या?"

"गंज समजून..." मी म्हणालो.

ब्रेककाका भिंतीआड थोडे खाली वाकले.

मावशी आतापर्यंत हसलेल्या नाहीत, रागावलेल्याही नाहीत. सगळे चौकोन त्यांनी सावकाश फिरून पाहिले आणि टॉवेलापाशी जरा थांबल्या. आता त्या बाकावर बसल्या आहेत, एरंडाच्या सावलीत. चहा नको म्हणाल्या. करवत आणून द्या म्हणाल्या. ती मी आणून दिली असून ती त्यांच्या मांडीवर आहे. काय कापायचं आहे ते त्यांनी सांगितलेलं नाही. बायकोने विचारायची खूण केली, पण मी विचारलेलं नाही. ब्रेककाका भिंतीपलीकडे पुन्हा उभे राहिले आहेत, आणि त्यांचा उजवा पाय खाली दाबलेला असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं.