देशातला एकमेव ऐदी नवरा

मला कुणी बनवू शकत नाही! आमच्या राजधानीत, स्कोपियेत, एका संशोधन संस्थेत मी बावीस वर्षं लोकांच्या उत्तरांची चाळण करते आहे. भांडी कोण घासतो आणि घासतो असं नुसतं सांगतो कोण, हे मला आकड्यांवर नजर टाकली की कळतं. म्हणूनच 'बदलतं कुटुंब' ही देशभराची पाहणी माझ्याकडे आली, तेव्हा आमचे संचालक किरील साहेब म्हणाले, "लेंचे, संस्थेची अब्रू तुझ्या हातात!"

"निर्धास्त झोपा साहेब," मी म्हटलं.

पाहणीचा आठवडासुद्धा मीच निवडला. ऑगस्टात अख्खा देश ओह्रिदच्या तळ्यात डुंबत असतो. हिवाळ्यात कुणी दार उघडत नाही. म्हणून सप्टेंबरची अखेर धरली. आणि काय सांगू! प्रश्न विचारत फिरणारी आमची पोरं जिथे जिथे गेली तिथे नवरा-बायको दोघंही घरी हजर! एका दाराला कुलूप नाही! का नाही, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मी त्या दिवसांत ऑफिसात बसून कोष्टकं आखत होते.

आकडे हातात आले फेब्रुवारीत. बाहेर दरवर्षीचा तो धुरकट काळोख, भर दुपारी दिवे, आणि खोकल्याशिवाय कुणाचं वाक्य पुरं होत नाही. अशा सुतकी हवेत मी संगणक उघडला आणि खुर्चीतून पडायचीच बाकी राहिले.

स्वयंपाक, आठवड्याला, सरासरी. पुरुष एकोणीस तास. बायका अकरा!

चष्मा पुसला. पुन्हा बेरीज केली. एकोणीसच! कोचानी घ्या, वेलेस घ्या, स्त्रुमित्सा घ्या, सगळीकडे बाप्ये चुलीशी!

"युरोपात असं कुठे नाही!" किरील साहेब अक्षरशः नाचले. "तपासलंस ना नीट?"

"साहेब, शितावरून भाताची परीक्षा करते मी. इथे तर पातेलं भरून शितं आहेत!"

साहेबांनी तडक टीव्हीवाल्यांना फोन लावला. मी मात्र खिडकीतल्या काळोखाकडे बघत बसले. सबंध देशातले पुरुष रांधतायत. आणि माझ्या वाट्याला कोण आलं? ब्लागोया!

घरी आले. ब्लागोया सोफ्यावर आडवा, मोजे टेबलावर, टीव्हीवर हँडबॉल.

"आलीस? जेवायला काय आहे?"

बस्स! हेच विचारायचं होतं त्याला!

"एकोणीस तास!" मी ओरडले.

"कसले?"

"देशातले पुरुष आठवड्याला एकोणीस तास रांधतात! तू किती रांधतोस?"

त्याने आवाज कमी केला. टीव्हीचा. "सकाळची कॉफी मीच करतो की."

"कॉफी म्हणजे स्वयंपाक?"

"रविवारी अंडी तळतो."

"अंडी तळतो म्हणे! आरती ओवाळू का?"

"लेंचे, हे पुरुष राहतात कुठे? मला एक तरी दाखव. माझ्या मित्रांपैकी एकालाही घरात मीठ कुठे असतं ते माहीत नाही."

"मग संगतच तसली तुझी! देशभरात एकच ऐदी शिल्लक होता, तो नेमका माझ्या गळ्यात पडला!"

ब्लागोया कधी चिडत नाही. त्याही दिवशी चिडला नाही. उठला, टेबलावरचे मोजे पायात घातले.

"मी वाईट असेन," तो म्हणाला. "पण एकटाच वाईट, हे जरा जास्त झालं."

पिशवीत दोन शर्ट कोंबले आणि प्रिलेपला आईकडे निघून गेला. माझ्या सासूबाई, पराश्केवा, सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा सुटून आला असंच त्यांना वाटलं असणार. मी दार लावलं ते धाडकन. जा म्हटलं! माझ्या बाजूला अख्खा देश आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी उतू गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. शेगडी काळी ठिक्कर पडली. घर इतकं गप्प झालं की फ्रिज घुरघुरला तरी बरं वाटायचं. पण मी मागे हटणारी नव्हते.

मग आला टीव्हीचा दिवस. सकाळचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. मी, किरील साहेब, आणि टीव्हीवाल्यांनी स्त्रुमित्साहून शोधून आणलेला आमच्याच पाहणीतला एक नमुना पुरुष, स्पासे काका. मिश्या झुपकेदार, कोट लग्नातला. साहेबांनी आकडा जाहीर केला, निवेदिकेने टाळ्या वाजवल्या आणि ती काकांकडे वळली.

"काका, तुम्ही पाहणीच्या आठवड्यात किती तास स्वयंपाक केलात?"

"चाळीस!"

"अगं बाई! काय काय केलंत?"

"आयवार."

"आणि?"

"आणि काय? आयवार! वर्षभराचा!"

"तो रोज करता?"

"रोज कशाला? सप्टेंबरात. लाल मिरच्या आल्या की."

भाजलेल्या लाल मिरच्यांची ती चटणी घरोघरी वर्षातून एकदाच करतात! सप्टेंबर! प्रत्येक अंगणात पेटलेली भट्टी! घराला कुलूप कुठून असणार? मिरच्या सोडून जाणार कोण?

"मग मिरच्या सोलता कशा तुम्ही?" निवेदिका गोड हसली.

"छे! सोलते बायको. धुते, बिया काढते, वाटते, तासन् तास ढवळते, बरण्या भरते. मी आगीपाशी असतो. आग महत्त्वाची! जरा दुर्लक्ष झालं की मिरच्यांचा कोळसा!"

"एकटेच असता?"

"एकटा का? शेजारी असतात. राकियाची बाटली असते."

"आणि बायकोने या पाहणीत काय सांगितलं?"

"खरं तेच!" काका अभिमानाने म्हणाले. "ती म्हणाली, 'मी यांना मदत केली.'"

किरील साहेब माझ्या कानाशी आले. "लेंचे, 'मदत' कुठल्या रकान्यात धरलीस?"

"इतर."

"इतरमध्ये आणखी काय आहे?"

"फिरायला जाणं... शेजारणीशी गप्पा... टीव्ही..."

"मूर्ख बाई!"

हे सगळं आम्ही कुजबुजत बोललो. पण कोटाला लावलेले माईक चालू होते. अख्ख्या देशाने ऐकलं!

पुढचे दिवस काय वर्णावे! लिफ्टमध्ये लोक मला विचारत, "ताई, आज मदत केली की स्वयंपाक?" साहेब बोलेनासे झाले. नुसता एक कागद टेबलावर ठेवून गेले: 'मिरच्या वगळून नवे आकडे द्या.'

वगळल्या मिरच्या. पुरुष, आठवड्याला, चाळीस मिनिटं.

चाळीस! मी खाली मान घालून बसले. मग उगीचच, कुणी बघत नाही असं पाहून, ब्लागोयाचा हिशेब मांडला. रोजची कॉफी. रविवारची अंडी. एकदा मी तापाने फणफणले होते तेव्हाचं सूप मी धरलंसुद्धा नाही. तरी दीड तास भरला!

सरासरीच्या दुप्पट! माझा नवरा देशातल्या वरच्या फळीत होता, आणि मी त्याला ऐदी म्हणून घालवलं! मला रडू कोसळलं. त्याच्यासाठी रडले, हे खरं. पण वरची फळी जर अंडी तळणारी, तर खालच्या फळीतल्या बायकांचं काय होत असेल, यासाठीही रडले.

फोन केला. सासूबाईंनी उचलला.

"तो जेवतोय."

"आई, द्या ना त्याला. महत्त्वाचं आहे."

"गरम गरम सारमा आहे. निवेल."

शेवटी एकदाचा तो फोनवर आला.

"ब्लागोया, चुकलं रे माझं. तू सरासरीच्या दुप्पट आहेस!"

"पाहिलं टीव्हीवर," तो घास गिळत म्हणाला.

"मग ये ना घरी."

"इथे बरं चाललंय गं. सकाळची कॉफीसुद्धा आईच हातात आणून देते."

म्हणजे आता तोही शून्यावर गेला. माझ्यामुळे!

"माझी कॉफी रोज उतू जाते रे," मी म्हटलं.

"साखर आधी पाण्यात घालायची. आणि तिथून हलायचं नाही." मग हळूच म्हणाला, "मलाही करमत नाही इथे, तसं."

"मग कधी येशील?"

त्याने खरोखर विचार केला.

"सप्टेंबरात येतो," तो म्हणाला. "मिरच्यांना. आग सांभाळायला माणूस लागेलच ना तुला."

फेब्रुवारी चालू होता, लोकहो! बावीस वर्षांचा अभ्यास, देशभराची पाहणी, टीव्हीवरची शोभा, एवढं सगळं झाल्यावर त्या क्षणी मी त्याला काय काय सुनवायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही.

मी म्हटलं, "ये. मदतीला मी आहेच."