एक दिवा चालू

निपाणीच्या हद्द-दगड देखभाल उपकचेरीच्या जीपमध्ये १९८३ सालच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सदलग्याहून परत येताना, स्टिअरिंगसमोर एक लाल दिवा लागला. ही घटना किरकोळ समजू नये. त्याआधीच्या नऊ वर्षांत या जीपमध्ये कसलाही दिवा लागलेला नव्हता.

कचेरीचं काम सोपं आणि जबाबदारीचं होतं. राज्याच्या हद्दीवर पुरलेले एकशे बारा दगड जागेवर आहेत की नाहीत ते महिन्यातून एकदा बघून यायचं आणि 'आहेत' असं बेळगावला कळवायचं. दगड जागेवर असायचेच. जागेवर राहण्याच्या बाबतीत कचेरीची जीपही दगडांना हार जाणारी नव्हती. रोज सकाळी बाजारातली चार-सहा माणसं हातातल्या पिशव्या खाली ठेवून तिला मागून धक्का द्यायची, ती खोकत निघायची, आणि माणसं हात झाडून आपापल्या कामाला लागायची. कुणाची तक्रार नव्हती. सरकारी गाडीला धक्का देणं हा निपाणीत नळाला रांग लावण्याइतकाच साधा नागरी व्यवहार होता.

जीपचा ड्रायव्हर भीमाप्पा एकतीस मेला निवृत्त व्हायचा होता. गाडी आणि तिचं सामान नियमाप्रमाणे सुपूर्द केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय ड्रायव्हरची पेन्शन सुरू होत नसे. त्याच्या आधी निवृत्त झालेला दुसरा ड्रायव्हर सिद्राम याच्याकडून जॅकचा दांडा हरवला होता, त्याला सहा वर्षं झाली. सिद्राम अजून दर सोमवारी कचेरीत येऊन बाकावर बसे. हल्ली तर शिपाई त्याचीही हजेरी मांडत असे. त्या बाकाकडे बघितलं की भीमाप्पा जाऊन जीपचं सामान पुन्हा मोजून यायचा.

म्हणूनच लाल दिवा दिसताच तो गाडी उभी करून थेट हेडक्लार्क भरमूअण्णांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"अण्णा, गाडीत दिवा लागलाय."

भरमूअण्णांनी चष्मा काढला. "लागलाय म्हंजे? पेटलाय?"

"व्हय."

"आपल्या गाडीत?"

"व्हय की. लालभडक."

भरमूअण्णा खुर्चीतून उठले. दोन वर्षांपूर्वी कचेरीला आग लागली होती, तेव्हासुद्धा ते उठले नव्हते. बाहेर जाऊन त्यांनी जीपमध्ये डोकं घातलं, दिवा डोळे भरून पाहिला, आणि परत येऊन कपाटातून नमुना क्रमांक सतरा काढला. हा नमुना दर तिमाहीला बेळगावला जाई. त्यातला चौथा रकाना होता, 'वाहनावरील एकूण दिवे', आणि पाचवा, 'पैकी चालू'. चौथ्यात अकरा आणि पाचव्यात 'निरंक' असं भरमूअण्णा छत्तीस तिमाह्या लिहीत आले होते, आणि बेळगावहून छत्तीस वेळा 'खेदजनक' असा शेरा आला होता. आज त्यांनी टाकाला नवं निब बसवलं आणि पाचव्या रकान्यात लिहिलं: एक.

"अण्णा," भीमाप्पा म्हणाला, "त्यो दिवा चांगला न्हवं. इंजिनाला तेल पोचंना झालंय म्हणून त्यो बोंबलतोय."

"बोंबलू दे की रं! नऊ वर्सांत एक तरी बोंबललाय का?"

"इंजिन जाम हुईल, अण्णा."

"नमुना सतरात इंजिनाला रकाना हाय का?"

भीमाप्पाने नमुना उलटसुलट बघितला. दिवे होते, आरसे होते, पायपुसणं होतं. इंजिन नव्हतं.

तरी भरमूअण्णा माणूस दयाळू. त्यांनी दुरुस्तीचा नियम काढून वाचून दाखवला. इंजिनाची दुरुस्ती बेळगावच्या उद्यमबागेतल्या मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्येच करावी. बिघडलेलं वाहन तिथवर न्यायचं तर ते रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला लागतो. असा दाखला देण्याचा अधिकार फक्त त्याच वर्कशॉपला आहे, आणि तो वाहन समक्ष तपासूनच देता येतो.

"म्हंजे गाडी तिकडं न्यायची तर आधी गाडी तिकडं न्यायला पायजे?"

"समजलं की तुला," भरमूअण्णा खूश होऊन म्हणाले. "साहेबांस्नी आठ दिवस लागले व्हते."

पंधरा दिवसांनी बेळगावचं पत्र आलं. चालू दिव्यांच्या संख्येत उपकचेरीने साधलेली प्रगती अभिनंदनीय आहे, तीत खंड पडू देऊ नये, तपासणी अधिकारी मेच्या अखेरीस समक्ष पाहणी करतील. कचेरीच्या साहेबांनी पत्र फ्रेम करून लावलं. त्यांची बढती सात वर्षं अडलेली होती, ती त्यांना त्या लाल उजेडात स्पष्ट दिसू लागली. त्यांनी फर्मान काढलं की दिवा कचेरीच्या पूर्ण वेळेत चालू राहिला पाहिजे. त्यामुळे जीपची किल्ली सकाळी दहाला फिरवून ठेवायची आणि साडेपाचला बंद करायची असा शिरस्ता पडला. तिसऱ्या दिवशी बॅटरी बसली. 'दिवाबत्ती' या सदराखाली नवी बॅटरी चोवीस तासांत मंजूर होऊन आली. इंजिनाला चमचाभर तेल घालायला मात्र मे उजाडला तरी कुठलंच सदर सापडेना.

घरी तानीबाईने हे सगळं भाकऱ्या थापता थापता ऐकून घेतलं.

"अवो, म्हंजे गाडी आजारी हाय, आन् तिला ताप आला म्हणून समदी पेढं वाटाय लागलीत?"

"तसंच म्हण."

"आन् ती मेली तर?"

"तर सिद्रामच्या शेजारी माझा बाक."

तानीबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "कागलच्या मष्णूला बोलवा. माझ्या चुलत्याचा ल्योक. तुमचं सरकार करंना तर आपण करू. माझ्या डब्यात दोनशे हाईत."

मष्णू मिस्त्री चांगला होता, पण कागल पडलं महाराष्ट्रात. सरकारी वाहन राज्याबाहेर न्यायचं तर बंगळुरूहून परवाना. आणि मष्णू निपाणीला येऊन सरकारी इंजिन उघडणार तर तो मान्यताप्राप्त नव्हता. भीमाप्पाने दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी दगड तपासायच्या निमित्ताने त्याने जीप कोगनोळीला नेली आणि हद्दीवर अशी उभी केली, की मागची चाकं कर्नाटकात राहिली आणि बॉनेट महाराष्ट्रात गेलं. एकशे बारा दगड बावीस वर्षं बघितलेले असल्यामुळे रेषा नेमकी कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाक्यावरचा कारकून जोतिबा धावत आला.

"ए आप्पा! सरकारी गाडी भाईर काढलीस?"

"गाडी आतच हाय की. नंबरप्लेट बघा मागची."

"आन् हे पुढं काय गेलंय?"

"इंजिन. त्याची कुठल्या कागदात नोंद न्हाय. बघा पायजे तर."

भीमाप्पाने पुढे केलेला नमुना सतरा जोतिबाने दोनदा वाचला. मग नाक्याच्या नोंदवहीत लिहिलं, 'वाहन राज्यातच आहे. काही भाग हवा खाण्यास गेला.' आणि चहा प्यायला निघून गेला.

मष्णूने महाराष्ट्रात उभं राहून बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "दाजी, हे इंजिन न्हवं, उपास हाय! तेलाचा पंप पार झिजलाय. दिव्याची सुटलेली तार खड्ड्यात आपसूक जुळली म्हणून कळलं तरी." एकशे साठ रुपयांचा नवा पंप बसला, तळातला चिखल निघाला, ताजं तेल पडलं. मजुरी घ्यायला मष्णू तयार होईना. "आक्काकडनं पैशे घेऊ व्हय? भाकरी घाला म्हणावं."

भीमाप्पाने किल्ली फिरवली. दिवा लागला. त्याने स्टार्टर दाबला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती जीप धक्क्याशिवाय, पहिल्या दमात सुरू झाली. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं, आणि लाल दिवा गुपचूप विझला.

"संपली पीडा," मष्णू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाप्पा धक्क्याशिवाय कचेरीच्या दारात आला. बाजारातली माणसं पिशव्या खाली ठेवून उभी होती ती तशीच उभी राहिली. आवाज ऐकून साहेब आणि भरमूअण्णा बाहेर आले. भरमूअण्णांनी सवयीने जीपमध्ये डोकं घातलं आणि किंचाळले.

"दिवा! दिवा कुठं गेला रं?"

"गेला न्हवं. गाडी बरी झाली."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "भीमाप्पा, चालू दिवा बंद पाडणं म्हणजे काय, कळतं का तुला? सरकारी मालमत्तेचा नाश! आठ दिवसांवर तपासणी आली. मी बेळगावला काय सांगू? एकाचं शून्य कसं झालं?"

"नवी गाडी असल्यागत चालतीया, साहेब."

"ते मला नको सांगूस. पाचव्या रकान्यात काय लिहायचं ते सांग. दाखल्यावर सही माझी लागते, ठाऊक आहे ना?"

भीमाप्पाला बाक दिसला. सोमवार होता. सिद्राम थोडा बाजूला सरकून बसला, जागा करून दिल्यासारखा.

"दिवा हाय की, साहेब," भीमाप्पा घाईने म्हणाला. "इंजिन बंद करून किल्ली फिरवली की लागतोय बघा." त्याने करून दाखवलं. दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. बंद केलं, लागला.

भरमूअण्णांनी तीन वेळा बघितलं आणि आत जाऊन टाइपरायटरवर बसले. दहा मिनिटांत ज्ञापन निघालं: 'सदर वाहनाचा दिवा इंजिन चालू केल्याने विझतो असे निदर्शनास आले आहे. सबब, पुढील आदेश होईपर्यंत सदर इंजिन चालू करण्यास सक्त मनाई आहे.'

"मग गाडी चालायची कशी, अण्णा?"

"आजपातूर कशी चालायची? मानसं हाईत की." भरमूअण्णांनी बाजाराकडे हात केला. पिशव्या खाली ठेवून उभी असलेली माणसं हे ऐकून मोकळी झाली. त्यांना उगाचच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

तपासणी अधिकारी धर्मराज तीस मेला आले. शिस्तीचे गृहस्थ, मांडीवर नमुना, हातात पेन. ते पुढे बसले, साहेब आणि भरमूअण्णा मागे. भीमाप्पाने किल्ली फिरवली, दिवा लागला, गाडी न्यूट्रलला ठेवली, आणि निपाणीच्या वीस-बावीस नागरिकांनी धक्का द्यायला सुरुवात केली. दगड क्रमांक एकपर्यंत तीन मैल. वाटेत एकजण दमला की रस्त्यावरचा दुसरा हात लावायचा. कुणाला बोलवावं लागलं नाही.

"गाडीचा आवाज फार कमी आहे," धर्मराज कौतुकाने म्हणाले.

"देखभाल, साहेब," भरमूअण्णा मागून म्हणाले.

दगड जागेवर होता. परतीच्या वाटेवर उतार लागला. जीपने वेग घेतला, मागची माणसं मागेच राहिली, एका खड्ड्यात गाडी उडाली आणि धर्मराजांच्या गुडघ्याचा धक्का गिअरच्या दांड्याला बसला. गिअर पडला. नव्या पंपाचं, ताज्या तेलाचं, तानीबाईच्या डब्यातल्या पैशांचं ते इंजिन क्षणात जागं झालं आणि आनंदाने गुरगुरू लागलं.

लाल दिवा विझला.

धर्मराजांचं पेन थांबलं. "हे काय? बंद पडला?"

मागे साहेबांनी डोळे मिटले. भीमाप्पाच्या पायाखाली बावीस वर्षांत पहिल्यांदा एक धडधाकट गाडी होती. नुसता पाय दाबला असता तर ती सगळ्यांना घेऊन बेळगावपर्यंत गेली असती. त्याच्या डोळ्यांपुढे सिद्राम आला, जरा बाजूला सरकलेला. त्याने क्लच न दाबता करकचून ब्रेक मारला. इंजिनाने एक आचका दिला आणि जीव सोडला. दिवा लागला.

"काय बिघाड झाला होता?" धर्मराजांनी विचारलं.

"इंजिन चालू झालतं, साहेब."

"पुन्हा होऊ देऊ नका," धर्मराज म्हणाले, आणि पाचव्या रकान्यात त्यांनी 'एक, समाधानकारक' असं लिहिलं.

एकतीस मेला भीमाप्पाला हार, नारळ आणि दाखला मिळाला. साहेबांची बढती झाली. भीमाप्पा आणि तानीबाई सदलग्याला राहायला गेले, आणि पेन्शन पहिल्याच महिन्यात आली. किल्ली हातात घेताना नव्या ड्रायव्हरने विचारलं होतं, "आप्पा, गाडीत खोट काय हाय?"

"कायबी न्हाय," भीमाप्पा म्हणाला होता. "तेवढंच कुणाला सांगू नगंस."

ती जीप अजून निपाणीत फिरते. पाचव्या रकान्यात अजून एक आहे. तुम्हीही एकदा तिला हात लावला आहे. बाजारात घाईत होता, तरी पिशवी खाली ठेवून शंभर पावलं धक्का दिलात, हात झाडलेत, आणि बिचाऱ्या सरकारची गाडी जुनी झाली म्हणत घरी गेलात. गाडी सुरू का करत नाहीत, हे तुम्ही पुढे जाऊन विचारलं नाही. बरंच झालं. पुढचे लोक दिवा बघत होते, त्यांना तुमचा आवाज ऐकू आला नसता. आणि मागच्यांनी तुमच्याकडे बघितलं असतं ते एवढ्याचसाठी, की धक्क्याला एक हात कमी झाला.