काका रस्ता विचारत नाहीत

आमचे शंकर नगरातले शेजारी मधुकाका रस्ता विचारत नाहीत. कोणालाच नाही, कधीच नाही. सगळी नोकरी रेल्वेत झालेली, त्यामुळे "मी लोकाईले रस्ता सांगतो, पुसत नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा अभनपूरच्या साखरपुड्याला म्हणून त्यांनी आमची गाडी नेली ती थेट भनपुरीला, शहराच्या अगदी उलट्या टोकाला. चारी बाजूंनी ट्रक आणि मधोमध नटूनथटून उभ्या आम्ही बायका. काका उतरले, कमरेवर हात ठेवून चौफेर बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं, भनपुरीही पाहून झाली."

मागच्या थंडीत नणंदेच्या मुलाच्या लग्नाला दिल्लीला गेलो. आम्ही सात जण, काका आठवे, आणि अर्थातच सगळ्यांच्या पुढे. मेट्रो बदलायला एका मोठ्या भुयारी स्टेशनात उतरलो. वर एक लाइन, खाली दुसरी, मधे नुसती माणसंच माणसं. दुसऱ्या गाडीकडे नेणारी रंगीत पावलं फरशीवर चिकटवलेली होती. मी ती काकांना दाखवली.

"ते लेकराईसाठी आहेत," काका म्हणाले. "माह्या मागं या."

गेलो. सरकता जिना चढलो, लांबलचक बोगदा पार केला, दुसरा जिना उतरलो आणि होतो तिथेच आलो. पुन्हा निघालो. सासूबाई दर वेळी जिन्याला नमस्कार करून पाय ठेवायच्या. तिसऱ्या फेरीत माझी पोट्टी ओरडली, "काका, ये तो वही चिप्सवाली मशीन है!"

"हव, अशा लय मशीनी असतात इथं."

चौथ्या फेरीत दोन अनोळखी बाया सामानासकट आमच्या मागोमाग चालू लागल्या. इतक्या ऐटीत चालणारा माणूस कुठेतरी पोचणारच, असं त्यांना वाटलं असावं.

तिकडे हळद सुरू झाली होती. नणंदेचा फोन आला, "वहिनी, कुठं आहात?"

"जमिनीखाली," मी म्हटलं.

शेवटी सासूबाई बॅगेवरच बसल्या. "मधू, आता मले हलवू नको." मी काकांना बाजूला घेतलं. "काका, पुसा ना कोणाले! काहून असं करून राहिले?"

काका हळूच म्हणाले, "रस्ता मले दुसऱ्याच चकरेत दिसला होता, बाई. त्या खांबामागं जिना आहे."

"मग?"

"तुही काकू गेली. पोट्टे आपापल्या गावी. घरात या खोलीतून त्या खोलीत जातो, त मागं कोणी नसते. आज मागं पाहिलं, त सारे येऊन राहिले होते. सांगाचं जिवावर आलं."

मी सासूबाईंना हात देऊन उठवलं, बॅग उचलली आणि मोठ्याने म्हटलं, "चला! काकांना रस्ता सापडला."

काका पुढे झाले. दर चार पावलांनी मागे वळून बघत होते.